खेळ तोच, यंत्र निराळे

एखादी वस्तू काही काळाने दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वेषात आपल्यापुढे आली असता ‘ही तीच’ असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. आपल्याकडील वेदान्त्यांनी त्याकरिता देवदत्ताचे उदाहरण योजिले. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटतो. तो काळ आणि हा काळ, ते स्थळ आणि हे स्थळ ही परस्परविरुद्ध विशेषणे टाकून दिली म्हणजे मागे जो केवळ पुरुष उरतो, त्यास उद्देशून ‘तोच हा’ असे आपण म्हणतो. युक्तिवाद सुबोध आहे. परंतु कोणती विशेषणे टाकावयाची आणि कोणती ठेवावयाची, ही त्यातील खरी अडचण होय. देवदत्ताचे पागोटे टाकता येते, वयही टाकता येते. त्याची स्मृती टाकता येईल काय? या अडचणीचा विचार आम्ही येथे अशा एका वस्तूच्या निमित्ताने करणार आहोत, की जिचे नाव ऐकून पुष्कळ गंभीर वाचक नाक मुरडतील. ती वस्तू म्हणजे संगणकावर खेळावयाचे इतिहासविषयक युद्धखेळ. एका जातीच्या संगणकाकरिता रचलेला असा जुना खेळ निराळ्याच जातीच्या संगणकावर चालविला, तर आपण खेळतो तो तोच खेळ असतो काय? आणि तो तोच राहावा असा आग्रह धरण्याचा कोणास अधिकार आहे काय?

या शतकाच्या आरंभी ज्यांची विद्यार्थिदशा चालू होती, त्यांस ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे नाव समजावून सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडील वसतिगृहांत आणि सायबर कॅफेंत त्या खेळाने कित्येकांच्या रात्री खाल्ल्या. इतरांसाठी एवढे सांगितले पाहिजे, की अमेरिकेतील डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओज या मंडळींनी तो रचिला आणि मायक्रोसॉफ्टने तो १९९७ मध्ये विंडोजवर चालणाऱ्या संगणकांकरिता प्रसिद्ध केला. त्याचा मध्ययुगावरील दुसरा भाग १९९९ मध्ये निघाला व तोच अधिक लोकप्रिय झाला. खेळाडूच्या स्वाधीन प्रथम मूठभर गावकरी असतात. त्यांच्याकडून लाकूड तोडवावयाचे, शेत पिकवावयाचे, सोने व दगड खणवावयाचे; त्या कमाईवर घरे, तट व सैन्य उभे करावयाचे; आणि युगामागून युग ओलांडीत शत्रूस जिंकावयाचे. बुद्धिबळातल्यासारखी येथे पाळी नसते. आपण विचार करीत बसलो असता पलीकडचा शत्रू आपली शेते नांगरीतच असतो. म्हणून या जातीस ‘रियल-टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. यातील इतिहास कितपत खरा, हे विचारू नये. पहिल्या भागातील पुरोहित ‘वोलोलो’ असा घोष करून शत्रूचा हत्ती आपल्या पक्षास वळवितो. इतिहासाच्या अध्यापकांस यामुळे राग यावा. आम्हांस मात्र कित्येक वादसभांतील वक्तृत्वाचे हे बरेच यथार्थ चित्र वाटते.

आता मूळ प्रश्न. कोणी म्हणेल, की यात शंका कसली? बुद्धिबळाच्या सोंगट्या हस्तिदंती असोत वा लाकडी असोत, खेळ बुद्धिबळाचाच. हे खरे आहे. आणि त्याचे कारण, बुद्धिबळाचे अस्तित्व सोंगट्यांत नसून नियमांत आहे. नियम बदलले की सोंगट्या त्याच असूनही खेळ बदलतो. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर चालते. विलायती पद्धतीत ते दोन घरे चालू शकते. पंजाबातील मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढलेला. त्यास विलायती नियम नव्याने शिकावे लागले, आणि ते शिकून त्याने १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. त्याला जो प्रवास करावा लागला तो सोंगट्यांचा नव्हता, नियमांचा होता.

परंतु हा दृष्टान्त संगणकाच्या खेळास लावू लागलो की तो अर्ध्या वाटेवर थांबतो. बुद्धिबळाचे नियम एका पानावर लिहिता येतात आणि ते सांभाळणारे आपणच असतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’चे सर्व नियम खेळाडूंपैकी कोणी वाचलेले नाहीत. दगड किती वेळात फुटतो, हरीण कोणीकडे पळते, अडलेला सैनिक कोणत्या बाजूने वळसा घालतो, हे सारे यंत्राकरिता लिहिलेल्या संहितेत दडलेले असते; खेळाडू शेकडो डाव खेळून त्याचा अदमास बांधतो. म्हणजे येथे नियम सांगणारा, नियम पाळणारा आणि पंच, हे तिन्ही यंत्रच. ते यंत्र बदलल्यावर नियम तेच राहिले हे कोण सांगणार?

याचे उत्तर त्या खेळाच्या रचनेतच सापडते, आणि ते आम्हांस फार मार्मिक वाटते. १९९७ साली घरोघरचा टेलिफोनच्या तारेवरून जोडलेला मोडेम दर सेकंदास साधारणतः अठ्ठावीस हजारांवर काही बिट माहिती नेई. आठ खेळाडू दूरदूरच्या संगणकांवर बसून एकच लढाई खेळणार, तीत शेकडो तिरंदाज. त्या प्रत्येकाचे स्थान तारेवरून क्षणाक्षणास कळविणे अशक्यच. म्हणून रचनाकारांनी निराळी युक्ती काढली. तारेवरून जावयाच्या त्या केवळ खेळाडूंच्या आज्ञा. आणि प्रत्येक संगणकाने त्या आज्ञा एकाच क्रमाने पाळून संपूर्ण लढाई आपापल्या घरी स्वतंत्रपणे घडवावयाची. आठ घरी आठ लढाया चालतात, आणि त्या आठही एकच असल्या पाहिजेत. यदृच्छाही एकच; कारण फासे पडावयाचे ते सर्वत्र एकाच बीजापासून. पॉल बेटनर व मार्क टेरानो या दोघा रचनाकारांनी २००१ साली लिहिलेल्या निबंधात या पद्धतीतील संकटाचे वर्णन केले आहे. डावाच्या आरंभी एका संगणकावर एखादे हरीण रेसभर वाकडे उभे राहिले, तर ते किंचित निराळीकडे चरत जाते. काही मिनिटांनी एखाद्या गावकऱ्याची वाट थोडी चुकते किंवा भाला हुकतो, व तो मांसावाचून घरी परततो. तेथून पुढे दोन घरच्या दोन इतिहासांचा मेळ राहत नाही. म्हणून हे संगणक मधून मधून आपापल्या जगाची बेरीज परस्परांशी ताडून पाहतात आणि ती जुळली नाही की डाव मोडतात.

आमच्या पोथ्यांना ही सोय असती तर! एका प्रतीत पाठ बदलला, तर तो किती शतकांनी व कोणा चिकित्सकाच्या हाती लागेल याचा नेम नसतो. येथे एका हरणाने पाय वाकडा टाकला की साऱ्या रणांगणास त्याचा पत्ता लागतो. तेव्हा निराळ्या यंत्रावर चालणारा खेळ नियमांच्या दृष्टीने तोच की नाही, याची कसोटी तत्त्वज्ञांच्या वादावर सोडण्याचे कारण नाही. मूळ यंत्रावरच्या खेळाडूबरोबर शेवटपर्यंत डाव खेळून पाहावा. बेरजा जुळल्या तर तो तोच. ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही. अपूर्णांकांचे गणित सर्व यंत्रांत शेवटच्या अंकापर्यंत सारखे येतेच असे नाही, आणि शेवटच्या अंकातला फरक म्हणजेच ते वाकडे हरीण. ‘झिरो ए. डी.’ नावाचा प्राचीन इतिहासावरील असाच एक खेळ स्वयंसेवकांनी रचिला आहे. त्याची संहिता २००९ पासून सर्वांस खुली असून त्यात आपले मौर्यही आहेत. तो विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालावयाचा, म्हणून त्यांनी लढाईच्या हिशेबातून तसले तरंगते अपूर्णांक काढून टाकले आणि ठराविक स्थळांचे अंक वापरले. ही सावधगिरी आम्हांस तत्त्वज्ञानाच्या पुष्कळ व्याख्यांपेक्षा अधिक बोधप्रद वाटते.

परक्या यंत्रावर जुना खेळ चालविण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत ‘वाइन’ या उद्योगाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९९३ मध्ये त्याचा आरंभ झाला आणि पहिली पूर्ण आवृत्ती निघाली ती २००८ मध्ये. मध्ये पंधरा वर्षे गेली. वाइन हे विंडोज नव्हे. आणि ते दुसऱ्या यंत्राचे सोंगही घेत नाही, हे त्याच्या नावातच सांगितले आहे. खेळ जेव्हा ‘येथे चित्र काढ’, ‘किती वाजले ते सांग’, ‘अमुक फाइल उघड’ अशी विंडोजला हाक मारतो, तेव्हा लिनक्सवर बसलेले वाइन त्या हाकेस ओ देते, आणि आपण परमुलखात आहोत याची खेळास दाद लागू देत नाही. हा दुभाष्याचा धंदा आहे. पण दुभाष्याहूनही कठीण. कारण जुने खेळ विंडोजच्या गुणांप्रमाणेच त्याच्या दोषांवरही विसंबलेले असतात, आणि ते दोषही वाइनला इमानाने उतरवून घ्यावे लागतात. ऋषींच्या वचनातील व्याकरणविसंगतीस आपण चूक न म्हणता आर्ष प्रयोग म्हणतो व ती तशीच ठेवतो, त्यातला हा प्रकार. पुढे व्हाल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये याच पायावर ‘प्रोटॉन’ उभारले, आणि २०२२ मध्ये आपले हातात मावणारे स्टीम डेक हे यंत्र त्याच्या भरवशावर बाजारात आणिले. त्यावर विंडोजचे खेळ खेळणाऱ्या कित्येकांस आपण लिनक्सवर खेळत आहोत याची जाणीवही नसते.

याच्या उलट, स्वतःच्या घरी त्या खेळाचे काय झाले? दुसरा भाग एकंदर २५६ रंगांच्या पेटीवर रंगविलेला होता. विंडोजच्या व्हिस्टा व सात या पुढील आवृत्त्यांवर तो सुरू केला की रंगांची ही पेटी बिघडे, आणि गवत व पाणी तांबडेजांभळे दिसू लागे. विंडोजचा स्वतःचा ‘एक्सप्लोअरर’ बंद करून मग खेळ सुरू करावा, असा तोडगा खेळाडूंनी काढिला. ज्या कंपनीने खेळ प्रसिद्ध केला, तिच्याच यंत्रणेच्या पुढच्या पिढीने त्यास नीट ओळखले नाही. आणि ज्यांचा त्यात छदामाचा वाटा नव्हता, ते परके लोक त्याचा एकेक उच्चार जपत बसले. ‘निराळे यंत्र’ कोणते, हा प्रश्नही यामुळे वाटतो तितका सरळ राहत नाही. वीस वर्षांनंतरचे त्याच नावाचे यंत्र हे देखील निराळेच होय.

येथवर आम्ही नियमांचे बोललो. परंतु खेळ नियमांत संपतो काय? डोळा आणि हात यांचे काय करावयाचे? मूळ खेळात पडद्यावर फार तर १२८० गुणिले १०२४ ठिपक्यांत मावेल एवढी भूमी दिसे. आजच्या रुंद पडद्यावर तीच संहिता, तेच हरीण, सर्व बेरजा जुळलेल्या. तरी खेळाडूस रणांगणाचा अधिक भाग एकदम दिसतो, आणि डावीकडून येणारा घोडेस्वार त्यास आधी कळतो. बेरजेच्या कसोटीस याचा पत्ताही लागत नाही. ‘रोम: टोटल वॉर’ हा २००४ चा खेळ २०१६ मध्ये आयपॅडवर आला, तेव्हा माउसचे काम बोटास करावे लागले, आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आला, तेव्हा हातातील कळफळ्यावरून शंभर गावकऱ्यांस हुकूम सोडणे अवघड म्हणून कामांची वाटणी काही अंशी खेळानेच करण्याची सोय ठेवण्यात आली.

या सोयींविषयी आमचे मत थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वादाचे मूळ येथेच आहे. १९९९ च्या खेळात शेताचा कस संपला की ते ओसाड पडे, आणि ६० लाकूड खर्चून ते पुन्हा पेरण्याची आज्ञा खेळाडूस स्वतः द्यावी लागे. लढाई ऐन रंगात आलेली, तटाखाली शत्रूचे यंत्र भिडलेले, आणि इकडे दहा शेते ओस पडून दहा गावकरी हातावर हात ठेवून उभे. हा प्रसंग ज्याने भोगिला नाही त्याने तो खेळ खेळला असे आम्ही म्हणणार नाही. २००० च्या पुरवणीत पुढील पेरण्यांचे पैसे गिरणीत आगाऊ भरून ठेवण्याची सवलत आली. २०१९ च्या नव्या आवृत्तीत शेते आपोआप पेरली जाऊ लागली. प्रत्येक पायरी सोयीची, आणि वृद्धत्वाकडे झुकलेल्या बोटांस तर ती उपकारकच. परंतु त्या खेळात खरी टंचाई लाकडाची नव्हती, सोन्याचीही नव्हती. ती अवधानाची होती. राजाने रणभूमीकडे पाहावे की शेताकडे, हा प्रश्न दर मिनिटास विचारणे हाच त्या खेळाचा गाभा होता. शेताकडे पाहण्याचे कारणच उरले नाही, म्हणजे त्या प्रश्नाचा एक पाय मोडला. चित्रे पूर्वीहून कितीतरी सुंदर झाली, तरी आमच्या मते देवदत्ताचे जे विशेषण टाकता येणार नाही, ते येथे टाकले गेले आहे.

उलटपक्षी, पहिल्या भागातील सैनिक अरुंद वाटेत एकमेकांस अडून उभे राहत, हा उघड दोष होता. तो सुधारला म्हणून कोणी रडू नये असे म्हणता येईल. परंतु जुने खेळाडू त्या दोषाशीच खेळावयास शिकले होते. चिंचोळ्या उतारावर सैन्य थोडेथोडे न्यावे, हे शहाणपण त्यांनी दोषापासूनच मिळविले. दोष काढला की ते शहाणपण निरुपयोगी होते. दोषांचे जतन करावे असे आम्ही म्हणत नाही. सुधारणाऱ्याने खुशाल सुधारावे आणि नवी आवृत्ती नव्या नावाने विकावी. मात्र जुने नाव पुसून, जुन्यास चालण्यास जागा न ठेवता, ‘हाच तो’ असे म्हणू नये. परक्या यंत्रावर जुन्यास जसेच्या तसे चालविणारा आणि त्याच यंत्रावर नवे विकणारा, या दोघांत देवदत्तास अधिक ओळखणारा पहिलाच.

यावर व्यवहाराच्या बाजूने एक आक्षेप येतो: हे सारे चोरीस उत्तेजन नव्हे काय? जुन्या खेळाची तबकडी नव्या यंत्रावर चालवावयाची म्हणजे पुष्कळदा तिचे कुलूप काढावे लागते. त्या काळच्या कित्येक तबकड्यांस ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे, व ते उघडणारा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असे. तो पुढे धोक्याचा ठरला आणि २०१५ मध्ये विंडोज दहाने तो घेण्याचे नाकारिले. किल्ली गेली, कुलूप राहिले. आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूच्या मालकास आपल्याच घरात चोरासारखे खिडकीतून शिरावे लागले. आपल्याकडील १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत समंजस आहे. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, स्वतः कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीवरून खाजगी व अव्यापारी उपयोगासाठी प्रोग्रॅमची प्रत किंवा रूपांतर करणे हा हक्कभंग होत नाही. २०१२ साली जोडलेले ६५ अ हे कलम कुलूप फोडणाऱ्यास शिक्षा सांगते, परंतु ती हक्कभंगाच्या हेतूने फोडणाऱ्यास. अमेरिकेचा १९९८ चा कायदा इतका उदार नाही. विकत घेतलेले वापरण्यासाठी कुलूप काढणारा आणि विकत न घेता फुकट वाटणारा यांतील भेद आमच्या कायद्याने ओळखला, ही गोष्ट समाधानाची आहे. दुसऱ्या वर्गाच्या लोकांविषयी आम्हांस सहानुभूती नाही. आवड मोठी असल्याने हक्क उत्पन्न होत नाही.

परंतु खेळाचा एक भाग विकणाऱ्याच्याच घरी राहत असेल, तर कुलूप काढूनही उपयोग नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ हा २०११ चा खेळ कंपनीच्या सर्व्हरवाचून चालत नसे. १ जुलै २०१४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि खेळ संपला. पुढे चाहत्यांनी ‘प्रोजेक्ट सेलेस्ट’ या नावाने स्वतःचा सर्व्हर उभारून २०१७ मध्ये तो पुन्हा चालू केला. अशा मृत्यूस इतर कलांत जोड नाही. ग्रंथ दुकानातून गेला तरी घरच्या कपाटातील प्रतीची अक्षरे त्या दिवशी पुसली जात नाहीत.

जुने जसेच्या तसे चालते राहिले पाहिजे असे आम्ही म्हणतो, ते केवळ जुन्या खेळाडूंच्या मौजेसाठी नव्हे. त्याच मालिकेचा तिसरा भाग २००५ मध्ये निघाला. विषय युरोपीय लोकांच्या अमेरिकेतील वसाहती. त्यातील दुसऱ्या युगाचे नाव ‘वसाहतयुग’ असे होते. २००६ च्या ‘द वॉरचीफ्स’ या पुरवणीत तेथील मूळच्या लोकांस इरोक्वाय व सू ही परक्यांनी दिलेली नावे होती. २०२० च्या नव्या आवृत्तीत वसाहतयुगाचे ‘व्यापारयुग’ झाले, आणि त्या लोकांस होडेनोशोनी व लाकोटा ही त्यांची स्वतःची नावे मिळाली. लोकांस त्यांच्या नावाने हाक मारावी हे उघड न्याय्य आहे, आणि त्या दुरुस्तीचे आम्ही स्वागत करितो. वसाहतीस व्यापार म्हणण्याविषयी मात्र, ज्या देशात एक व्यापारी कंपनी राज्य करून गेली त्या देशाचे नागरिक या नात्याने, आमचे तसे मत होत नाही. परंतु आमचे मत काहीही असो. २००५ सालच्या अमेरिकेस आपला भूतकाळ कसा दिसत होता, त्याची साक्ष जुन्या तबकडीतच आहे, आणि ती साक्ष तबकडी चालल्यावाचून वदत नाही. मॅकिन्टॉश संगणकासाठी त्या भागाची आवृत्ती २००६ मध्ये निघाली होती. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने बत्तीस-बिटी प्रोग्रॅम चालविणेच बंद केले, आणि तेव्हापासून नव्या मॅकवर ती मुकी आहे. आज कोणा इतिहासाच्या विद्यार्थ्यास जुने व नवे शेजारी शेजारी चालवून ताडून पाहावयाचे असेल, तर त्यास कपाटातील जुना संगणक धूळ झटकून बाहेर काढावा लागेल, नाहीतर लिनक्सवर वाइन बसवून विंडोजची तबकडी त्यात घालावी लागेल.